देवळ्याला घर बघायला गेलो तेव्हा

गावं बघत फिरणं हा आमचा नाद. हे निवृत्त झाले तेव्हापासून बहुतेक रविवारी आम्ही दोघं नाशकाहून एसटी पकडतो आणि एखाद्या लहान गावात उतरतो. इंदिरानगरातला फ्लॅट विकायचा आणि अशा गावात राहायचं, जिथं आपलं दार दोन दिवस उघडलं नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी कडी वाजवेल. आम्हाला मूलबाळ नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे लोकांना आडून आडून विचारावं लागत नाही. सोसायटीतली माणसं वाईट नाहीत हो, पण समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते मला कुरिअरवाल्याकडून कळलं. अशा ठिकाणी म्हातारं व्हायची मला भीती वाटते.

यांना सुरगाणा आवडलं होतं. डोंगरावर टेकलेले ढग, नागलीची गरम भाकरी, आणि कशालाच घाई नाही. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू? पण तिथल्या जीपच्या मागे यांना लटकताना पाहिलं आणि म्हटलं, "अहो, गुडघे काय नाशकातच ठेवून येणार आहात?" चांदवडला मी देवीच्या पायऱ्यांवर तासभर नुसती बसून राहिले. खाली हायवेवरून ट्रक जात होते, आवाज मात्र वरपर्यंत पोचत नव्हता. वाटलं, असंच बसावं आणि संध्याकाळ व्हावी. पण रोज तो चढ कोण चढणार? नावं ठेवण्यात मी पटाईत आहे, हे बिचारे गप्प बसतात.

देवळ्याला मात्र मी नाव ठेवू शकले नाही. चैत्रातली दुपार होती. कांदा साठवायच्या चाळी नुकत्याच भरलेल्या, कांद्याचा सुका, गोडसर वास सगळ्या गावावर पसरला होता. एका गल्लीत कडुलिंबाचा मोहोर सारखा गळत होता, कुणी झाडत नव्हतं. ओट्यावर बायका धान्य निवडत बसलेल्या. मी झोपेत चालावं तशी चालत होते. निळ्या दाराचं एक घर दिसलं, दारात जास्वंद, आणि माझ्या मनानं सांगून टाकलं, बाई, हेच गाव.

शेजारच्या ओट्यावरच्या बाईला मी विचारलं, "पाणी किती दिवसांनी येतं हो? गल्लीतली माणसं कशी आहेत? आणि हे निळ्या दाराचं घर कुणाचं?"

तिनं माझी साडी बघितली, यांचा इस्त्रीचा शर्ट बघितला, गालात हसली आणि निळ्या दाराकडे तोंड करून ओरडली, "पाव्हना उनात वं माय!"

पाहुणे आले, एवढं मला कळलं. पण पाहुणे कोण, हे कळायच्या आत आम्ही त्या घरात खुर्च्यांवर बसलो होतो. घरमालक शर्टाची बटणं लावत बाहेर आले. "मध्यस्थ बोलले होते, एखाद्या रविवारी कोणी सहज येऊन बघून जातील म्हणून. फोन केला असता तर स्टँडवर घ्यायला आलो असतो ना."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. इकडे रीत आहे. मुलीला बघायला रीतसर येण्याआधी मुलाकडचे दोघं जण गुपचूप येतात, गल्लीत फिरतात, शेजारीपाजारी घराची चौकशी करतात. आणि मी नेमकं तेच केलं होतं, अगदी मुलाच्या आईनं करावं तसं.

हे "अहो, तसं नाही" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात घरच्या बाईंनी मला विचारलं, "मुलगा काय करतो, ताई?"

खरं सांगणं एका वाक्याचं काम होतं. मी म्हणाले, "इंजिनिअर आहे. पुण्याला."

कुठून आलं तोंडात, देव जाणे. पण एकदा आला तो आला. उंची? पाच दहा. रागीट आहे का? आहे थोडा, माझ्यावर गेलाय, पण पोटात काही ठेवत नाही. स्वयंपाक? वरण-भात येतो, पोळ्या गोल होत नाहीत. बाई हसल्या, मी हसले. पोहे आले. पंखा हळूहळू फिरत होता, दारातून मोहोर आत येत होता, आणि त्या अर्ध्या तासात मला कशाचीच चिंता नव्हती. माझा मुलगा होता. मी यांच्याकडे बघतच नव्हते.

मग मुलगी चहा घेऊन आली. केस ओलेच होते, खांद्याची पिन तिरकी लागलेली. कप ठेवून ती माझ्या पाया पडली. तिचा हात थंडगार होता.

माझी गुंगी खाडकन उतरली. अगं बाई, ही कुणाची तरी पोर आहे! मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठले, तिच्या आईच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि सांगून टाकलं, "वहिनी, आम्हाला मुलगा नाही. कधी झालाच नाही. आम्ही इथं राहायला घर बघत होतो."

त्यांनी भरायला घेतलेला तांब्या खाली ठेवला. "मग मघाशी सांगत होत्या तो कोण?"

"कोणी नाही."

"माझी पोर धावतपळत साडी नेसली ना, ताई," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"चुकलं माझं. पदर पसरते, माफ करा."

त्यांनी फळीवरून करंडा काढला आणि मला हळदकुंकू लावलं, कारण सवाष्ण तशीच दाराबाहेर पाठवत नाहीत. पण "पुन्हा या" म्हणाल्या नाहीत. तिकडे पाणी मागायला आलेल्यालासुद्धा तसं म्हणतात.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून रडले, अगदी हुंदके देऊन. दोन वर्षांत पहिल्यांदा एका गावावर जीव जडला होता आणि तिथं तोंड दाखवायची सोय मीच ठेवली नव्हती. यांची बोलणी खायची मी मनाची तयारी केली होती, ती माझी लायकीच होती.

सोग्रस फाटा आला तेव्हा यांनी घसा खाकरला.

"उंची किती सांगितलीस गं?"

"पाच दहा."

"जास्त सांगितलीस," हे म्हणाले. "माझा मुलगा पाच सहाच्या वर गेला नसता."

लग्नाला चौतीस वर्षं झाली. 'माझा मुलगा' हे शब्द यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.