ताईंच्या गालाचा रंग

माणसाच्या अंगाचा रंग ज्याला जमला तोच खरा चित्रकार, असं पेंटर नेहमी म्हणायचा. त्याला तो जमायचा, याबद्दल त्याच्या शत्रूंचंसुद्धा दुमत नव्हतं. शत्रू तरी कोण म्हणा! पलीकडच्या गल्लीतला फोटो स्टुडिओवाला, ज्याने त्याचं निम्मं गिऱ्हाईक पळवलं, तोसुद्धा स्वतःच्या वडिलांचं चित्र काढायची वेळ आली तेव्हा गुपचूप पेंटरचा जिना चढला. "माझ्या फोटोत वडील नुसते दिसतात, तुझ्या चित्रात त्यांच्या अंगात रक्त आहे," असं म्हणाला. हे वाक्य पेंटरने पुढे कितीतरी वर्षं ज्याला त्याला ऐकवलं. बायकोला तर ते पाठच झालं होतं.

लोकांना वाटतं, चित्रकाराचं काय, मजाच मजा. बसायचं आणि रंगवायचं. अहो, कसली मजा! गिऱ्हाईक यायचं ते वारलेल्या बापाचा नखाएवढा फोटो घेऊन. मग फर्माइशी सुरू. टोपी काढा, चष्मा बदला, मान जरा ताठ करा, आणि हो, चेहऱ्यावर थोडं हसू आणा, कारण ते जन्मात कधी हसले नाहीत. पेंटर हसू आणायचा. कारखान्याचे साहेब यायचे, त्यांचं टक्कल झाकून द्यायचं. हेच साहेब कुठल्या तरी समारंभात माईक हातात आला की कलाकार हा समाजाचा आरसा असतो, वगैरे बोलायचे. बोलायला काय जातं! आरशाने मुकाट्याने साहेबांचे केस वाढवून द्यायचे, एवढीच आरशाची कामगिरी.

फ्रेमवाल्याच्या दुकानावर माडीवर एक खोली होती, तिथे हे सगळं चालायचं. एक मोठी खिडकी, तिच्यातून दिवसभर सारखा, न हलणारा उजेड. खिडकीशी एक हातांची खुर्ची, समोर लाकडी घोडा, त्याच्यावर कॅनव्हास, आणि सगळीकडे टर्पेंटाइनचा वास. हा वास पेंटरीणबाईंच्या लुगड्या-पातळांना, उशीला, केसांनासुद्धा यायचा. हो, तिला सगळे पेंटरीणबाईच म्हणायचे. रोज सकाळी ती नवऱ्याचं पॅलेट मांडून द्यायची. कोपऱ्यात पांढरा सफेदा, मग पिवळी पिवडी, मग तांबडा गेरू, मग गडद रंग, आणि शेवटी मुगाच्या दाण्याएवढा निळा.

"माणसात निळा कशाला हो?" तिने लग्नानंतर नवी नवी असताना विचारलं होतं.

"अगं, कातडीखाली शिरा असतात. निळा मुळीच नसेल तर माणूस मातीचा दिसतो. जास्त झाला तर मेलेला दिसतो." तेव्हापासून मूग म्हणजे मूग. तिने तो कधी वाटाण्याएवढा होऊ दिला नाही.

पण एक दिवस पेंटरनेच आणखी निळा मागितला. मग दुसऱ्या दिवशीही मागितला. हळूहळू मुगाचा वाटाणा झाला, वाटाण्याची सुपारी झाली. समोर एका निवृत्त हेडमास्तरांचं चित्र होतं. त्यांचे ओठ, कानाच्या पाळ्या, गाल, सगळं निळसर होत चाललं होतं, आणि पेंटर मागे सरून, मान कलती करून समाधानाने बघत होता. चित्र खाली फ्रेमला गेलं तेव्हा फ्रेमवाला वर आला. "वहिनी, हेडमास्तरांना थंडी वाजतेय की काय?" ती हसली. मग जिना उतरताना तिला हसू आलं नाही, आणि नंतर तर रडूच आलं.

पेंटरच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. जग त्याला पिवळं दिसू लागलं होतं, आणि ते इतकं सावकाश होत गेलं की त्याचं त्यालाही कळलं नाही. निळा त्याला दिसेचना, म्हणून तो घालतच राहिला. बायकोने एकदा सांगून पाहिलं. एकदाच. "अहो, जरा निळं होतंय का?" एवढंच म्हणाली ती.

"आता तू मला रंग शिकवणार?" पेंटर कडाडला. "पोळपाट-लाटणं सोडून आता अंगाच्या रंगाची परीक्षा घ्यायला लागलीस!" आणि मग तो माडीवर जाईचना. घरात भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. जेवणात लक्ष नाही, दाढी वाढलेली, कोणी हाक मारली तर "हं" एवढंच. असे बरेच दिवस गेले. तिने विचार केला, निळी का होईनात, चित्रं काढू देत. माणूस तर नीट राहील! आणि ती मूग गिळून बसली.

डॉक्टरकडे जायचं नाव काढायची सोय नव्हती. पाट्या रंगवणारा त्याचा एक जुना दोस्त ऑपरेशन करून आला तो एक डोळा गमावूनच. "डोळा गेला तर मी काय भिंतींना चुना लावू?" पेंटर विचारायचा. इकडे आड, तिकडे विहीर.

मग तिने आपली बायकी युक्ती काढली. पॅलेट मांडताना निळ्यात हळूच सफेदा कालवायची. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी पेंटर ट्यूब उजेडात धरून म्हणाला, "हल्ली कंपन्या चोर झाल्यात. रंगात दमच नाही." आणि स्वतः बाजारात जाऊन भली मोठी ट्यूब घेऊन आला, आणि ती स्वतःच्या हाताने पिळायला लागला. घ्या! हात दाखवून अवलक्षण.

गिऱ्हाइकंही काही बोलत नव्हती. म्हाताऱ्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं? चित्र घ्यायची, छान आहे म्हणायची, आणि पुन्हा यायची नाहीत. एकाने मात्र धीर करून सांगितलं, "आमच्या घरातल्या उजेडात आई जरा वेगळी वाटते." पेंटर तडक त्याच्या घरी गेला, स्टुलावर चढला, तिथली ट्यूबलाइट काढली आणि पिवळा बल्ब लावून आला. "उजेडाची अक्कल नाही लोकांना," घरी येऊन म्हणाला. बल्बखाली चित्र खरंच बरं दिसलं होतं म्हणे. तो त्या दिवशी दोन घास जास्त जेवला.

आणि अशात ताई राहायला आल्या.

ताई म्हणजे पेंटरची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा हिनेच त्याला वाढवलं. जन्मभर लोकांचे कपडे इस्त्री केले. कोळशाच्या इस्त्रीची धग तोंडावर घेऊन घेऊन तिचे गाल कायमचे तांबूस झाले होते, तब्येत कशीही असली तरी. पेंटरची पहिली रंगपेटी तिनेच आणली होती, स्वतःला चप्पल घ्यायची सोडून. आता तिचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही, थोडे महिने आहेत म्हणाले.

"सगळ्या जगाचे बाप रंगवले मी," पेंटर म्हणाला, "आणि जिने मला माणूस केलं तिचं एक चित्र नाही माझ्याकडे. हे एक चित्र झालं पाहिजे. मग ब्रश मोडून टाकला तरी चालेल."

हेडमास्तर निळे झाले तर झाले, पण वन्सं? पेंटरीणबाई नवऱ्याच्या पाया पडायची बाकी राहिली. "अहो, आधी डोळे दाखवा. मग काढा चित्र. माझं एवढं ऐका."

"ताई थांबणार आहे का माझ्या डोळ्यांसाठी?"

खरंच होतं ते. शेवटी तिने ताईंनाच गाठलं. त्यांच्या केसांना तेल लावता लावता सगळं सांगून टाकलं, निळ्याचं, बल्बचं, सगळं. "वन्सं, तुमचं ते ऐकतील. तुम्ही सांगा ना त्यांना."

ताईंनी तिचा तेलाचा हात धरला. मग म्हणाल्या, "वेडी आहेस. अगं, जन्मभर माझ्याकडे कोणी बघितलं का? लोकांनी कपडे दिले, कपडे नेले. आता माझा भाऊ रोज सकाळी समोर बसून माझ्याकडेच बघत असतो. मी काय त्याला म्हणू, की बाबा, तुला दिसत नाही? हिरवी काढली तरी चालेल मला. तूही बोलायचं नाहीस, माझी शपथ आहे."

झालं. शपथेने तोंडच शिवलं.

रोज सकाळी ताई जिना चढायच्या, मध्ये दम घ्यायच्या, खुर्चीत बसायच्या. पेंटर रंगवायचा. दोघं लहानपणच्या गोष्टी काढून हसायची. पेंटरीणबाई ब्रश धूत मागे उभी राहायची. तिच्या डोळ्यांसमोर खुर्चीत तांबूस गालांची ताई आणि कॅनव्हासवर दिवसेंदिवस गारठत चाललेली ताई. एकदा सगळं विसरून तिने तोंड उघडलं होतं, पण ताईंनी नुसतं बघितलं, आणि ती गप्प झाली. चित्र पुरं झालं तेव्हा ताई उठून समोर गेल्या, डोळ्यांना पदर लावला, आणि भावाच्या पाठीवरून हात फिरवला. "मीच आहे रे," म्हणाल्या. पेंटर लहान पोरासारखा रडला.

पुढच्याच महिन्यात ताई गेल्या. झोपेतच.

त्यानंतर पेंटरला जिन्याची पायरीसुद्धा दिसेना. एकदा खालपर्यंत गडगडत आला, नशीब म्हणून हाड मोडलं नाही. फ्रेमवाल्याने मग काही ऐकून घेतलं नाही. "आता रंगवायचं काय राहिलंय ते डोळा जपताय?" असं म्हणून त्याने पेंटरला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. आणि नवल म्हणजे पेंटर गेला. एका डोळ्याचं झालं, मग दुसऱ्याचं झालं. कुठेही दगाफटका नाही. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला सगळं निळसर दिसेल, घाबरू नका, काही दिवसांत डोळ्याला सवय होते.

घरी आल्यावर तो पहिल्यांदा भिंतीवरच्या ताईंच्या चित्रासमोर उभा राहिला.

"निळं दिसतंय," तो म्हणाला. मग मान हलवली. "डॉक्टर म्हणालेच होते."

ती 'हो' म्हणाली. दुसरं काय म्हणणार! मग रोज सकाळी तेच. तो उठायचा, आधी दुधाच्या पातेल्यात बघायचा, मग चादरीकडे, मग स्वतःच्या तळहाताकडे, आणि मग चित्राकडे. दूध पांढरं झालं. चादर पांढरी झाली. तळहात माणसाचा झाला. चित्र तसंच राहिलं. तरी तो बिचारा थांबला, आणखी थोडे दिवस, आणखी थोडे. ती चुलीपाशी उभी राहून ते थांबणं बघायची आणि तिला वाटायचं, देवा, ह्याचे डोळे परत घे.

मग एका सकाळी तो चित्रासमोरून हललाच नाही.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि ताईला?"

तिने मान खाली घातली. तिला वाटलं आता ओरडेल, काहीतरी फेकेल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने चित्र भिंतीवरून काढलं, काखेत धरलं, आणि म्हणाला, "पॅलेट मांड."

माडीवर पुन्हा तोच उजेड, तीच खुर्ची, रिकामी. ताईंचा एकच फोटो होता, तरुणपणचा, काळा-पांढरा. त्यात रंग कुठला असणार? पेंटरने सफेदा घेतला, पिवडी घेतली, आणि हात तसाच थांबला.

"मला ती पिवळीच आठवते गं," तो म्हणाला. "डोळे मिटले की पिवळी दिसते. त्याच्या आधीची, आम्ही लहान होतो तेव्हाची, ती वेगळी होती. शेवटच्या दिवसांतली ताई मी बघितलीच नाही. तू बघितलीस. तू सांग."

"तांबूस होत्या," ती म्हणाली.

"तांबूस म्हणजे किती?"

त्याने गेरू घातला. ती म्हणाली, जास्त झालं. सफेदा घातला. आता फिकट झालं. पिवडी घातली. नाही, असं नाही. एक एक ठिपका तो कॅनव्हासच्या कडेला लावत गेला आणि ती नाही नाही म्हणत गेली. चाळीस वर्षं पॅलेट मांडलेली बाई, तिला वाटलं होतं की समोर आला की रंग ओळखता येईल. पण मधल्या काळात ते निळं चित्र रोज भिंतीवर होतं. येता-जाता तीही त्याच्याकडेच बघत होती. आता ताईंचा चेहरा आठवायला गेली की निळाच पुढे यायचा, आणि त्याच्यामागची ताई काही केल्या दिसेना. हे तिला त्या क्षणी कळलं. कडेला ठिपक्यांची रांग वाढत होती. नवरा प्रत्येक वेळी तिच्याकडे बघायचा, आशेने, लहान मुलाने बघावं तसा.

"हाच," ती शेवटी म्हणाली. "हो. अगदी हाच."

पेंटर तिच्याकडे बघत राहिला. नव्या, लख्ख डोळ्यांनी.

"आता मला दिसतं गं, तुझ्या तोंडावरचंसुद्धा," तो म्हणाला.

त्याने तिच्यावरची नजर काढली, तोच रंग ब्रशवर घेतला, आणि ताईंच्या गालावर लावायला सुरुवात केली, कारण दुसरा कुठला घ्यायचा ते त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं.