‘मोकळं’ म्हणणारा भिंगरी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाचं नाव रविवारच्या सायकलवाल्यांनी भिंगरी ठेवलं होतं, आणि ते त्याला अगदी शोभायचं. चहासुद्धा उभ्यानेच प्यायचा. कामात मात्र भलता जपून. "लाइट बंद केलाय" असं कुणी शंभरदा सांगितलं तरी हा स्वतः जाऊन मेन स्विच पाडणार, त्याला आपलं कुलूप घालणार, किल्ली खिशात टाकणार आणि मगच लिफ्टच्या खड्ड्यात उतरणार. घरी मात्र उलटा न्याय. त्याने दाराला कुलूप लावलं की बायको एकदा ओढून बघायची आणि याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

"मी लावलंय ना? विश्वास नाही?"

"आहे हो," ती म्हणायची आणि पुन्हा ओढायची.

रविवारी तो सगळ्यांच्या पुढे असायचा. चौक आला की दोन्हीकडे बघायचं आणि "मोकळं!" म्हणून ओरडायचं, ही पद्धत त्यानेच पाडलेली. ऐकणारा मागच्याला ओरडून सांगायचा आणि सगळी रांग न थांबता पार व्हायची. कुणाला मान वळवायची तसदी नको. याचा त्याला कोण अभिमान!

त्या रविवारी बायको पहिल्यांदाच आली. नवखी म्हणून तिला शेवटी ठेवलं, तिच्या पुढे कंपाउंडर. झालं, भिंगरीचा जीव थाऱ्यावर राहीना. सारखा मागे वळून बघायचा, सायकल डगमगायची, मागच्या शिक्षिकेचं चाक त्याच्या चाकाला लागता लागता राहायचं.

"अहो, पुढे बघा! सगळ्यांना लोळवाल," शिक्षिका खेकसली.

"आमच्या हिने हेल्मेटचा पट्टा आवळलाय ना?"

"किती वेळा विचाराल?"

गोदामांजवळचा चौक आला. दोन्हीकडे सामसूम. "मोकळं!" तो ओरडला आणि पार झाला. शब्द एकेका सायकलवरून मागे जात राहिला. सगळ्यात शेवटी कंपाउंडर "मोकळं!" म्हणत चौकातून निघाला आणि त्याच्या पाठोपाठ, गोदामाच्या आडून, आडव्या रस्त्याने पाण्याचा टँकर भरधाव आला. हॉर्न, करकचून ब्रेक, धूळ. टँकरच्या पलीकडचं काहीच दिसेना.

भिंगरीने सायकल तिथेच टाकली आणि धावत सुटला. हिला आणलं कशाला, हिला आणलं कशाला, एवढंच डोक्यात चाललं होतं.

टँकर पुढे सरकला. पलीकडे ती एक पाय जमिनीवर टेकून उभी होती. दोन्ही ब्रेक अजून घट्ट दाबलेले.

"तू... थांबलीस?"

"टँकर येत होता ना."

"कंपाउंडर मोकळं म्हणाला नाही?"

"म्हणाला की. तुमचंच ऐकून म्हणाला असेल. म्हटलं, आपण एकदा बघून घ्यावं."

भिंगरी फुटपाथच्या कडेला मटकन बसला. त्याला असं बसलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर तो प्रत्येक चौकात पाय टेकून थांबला. "थांबा, आपापलं बघा!" एवढंच ओरडत राहिला.

दुसऱ्या दिवशी दोघं कामाला निघाली. त्याने कुलूप लावलं. ती घाईत होती, तशीच जिना उतरू लागली. तो दारापाशीच घुटमळला.

"अगं, ओढून बघ की."

"तुम्ही लावलंत ना?"

"लावलंय. तरी बघ."