तीन दिवस गावाला जाऊन ये

"इथं? नाही हो. ती कामाला येते आमच्याकडे."

काकू फाटकात उभ्या राहून पोलीस शिपायाला हे सांगत होत्या. काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. यवतमाळातल्या त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी तीन वर्षांपासून भाड्याने राहत होते. त्या बोलल्या तेव्हा मी बाहेरच्या जिन्यावर उभी होते. हातात कागदांची फाईल. शिपाई माझ्या पासपोर्टसाठी आला होता. मी या पत्त्यावर राहते की नाही, एवढंच त्याला विचारायचं होतं.

आत महालक्ष्म्या बसल्या होत्या. जेवणाचा दिवस. अमरावतीचे, नागपूरचे पाहुणे आलेले, दारात चपलांचा ढीग. वर कोण राहतं, हे त्या पाहुण्यांना माहीत नव्हतं. कळू द्यायचंही नव्हतं.

वर मी राहते. बौद्धाची पोरगी, राळेगावकडची. आई अजून लोकांच्या वावरात निंदण-खुरपणाला जाते. मी नर्सिंग केलं आणि यवतमाळच्या एका खाजगी दवाखान्यात लागले. खोली शोधताना सात घरं फिरले. सगळीकडे आधी आडनाव विचारलं, मग खोली "कालच गेली" म्हणून सांगितलं. काकूंनीही आडनाव विचारलं. थोडं थांबल्या. मग म्हणाल्या, "नर्स आहेस ना? बरं झालं. ह्यांना साखरेचा त्रास आहे."

मला वाटलं, चांगली माणसं भेटली. शिकलेली, तीन पिढ्या ऑफिसात गेलेल्या. मी रोज सकाळी ड्युटीआधी काकांना इन्सुलिन टोचायची. काकूंचं बीपी बघायची. शेजारणीला त्या सांगायच्या, पोरगी अगदी घरच्यासारखी आहे. मी हुरळून जायची. गाढवपणा माझा.

पहिल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आधी काकू जिना चढून वर आल्या. "तीन दिवस गावाला जाऊन ये गं. आईला भेटशील. घरात सोवळं असतं, तुलाच अवघडल्यासारखं होईल." किती ती माझी काळजी! मी एसटीने गावाला गेले. सुटी मिळाली, असं आईला सांगितलं. दुसऱ्या वर्षी तर त्यांनी सांगायची मी वाटही पाहिली नाही. मीच विचारलं, काकू, यंदा कधी निघू? हे आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. काकूंनी हाकललं ते एक वेळ समजतं. मी पिशवी भरून तयार बसले होते, त्याचं काय करू?

तिसऱ्या वर्षी जाता येत नव्हतं. जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात माझी नोकरी ठरली होती. दीड वर्ष ड्युटीवरून येऊन मोबाईलवर जर्मन शिकले, परीक्षा पास झाले. पासपोर्ट वेळेत आला नाही तर जागा दुसरीला जाणार. आणि चौकशीला शिपाई याच तीन दिवसांत कधीही येणार होता. काकूंना सांगितलं. त्यांचं तोंड बारीक झालं. "बरं, राहा. पण खाली उतरू नकोस हं."

मी मान हलवली. नळ खाली, म्हणून आदल्या दिवशीच दोन बादल्या भरून वर नेल्या. दवाखान्यातून सुटी घेतली. भाडं भरून घेतलेल्या खोलीत, कोणाचा खून करून आल्यासारखी लपून बसले.

आणि काकांची सुई? ती चुकली नाही. जेवणाच्या दिवशी सकाळी सहाला काका मागच्या बाजूने जिन्यावर आले, दंड पुढे केला. मी टोचलं. ते खाली गेले. मग मोरीतून बादलीचा आवाज आला. तांब्यामागून तांब्या. आंघोळ करूनच ते वर आले होते, केस ओले होते. आता पुन्हा करत होते. माझा हात लागला म्हणून.

मी जिन्यावर सुई धरून बसून राहिले. तीन वर्षं ज्याला मी माझं घर म्हणत होते ते हे.

दुपारी शिपाई आला आणि काकूंनी मला कामवाली केलं. धुणीभांडी करणाऱ्या बाईला मी कमी समजत नाही, माझी मावशी तेच करते. पण कामवाली सांगितली की ती संध्याकाळी आपल्या घरी जाते. मला या घरातून पुसून टाकायला एवढं एक वाक्य पुरलं.

शिपाई कागदावर काहीतरी लिहायला लागला. मी खाली उतरले. त्या घरात मी नेहमी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायची. त्या दिवशी तोंडातून आईची भाषा निघाली.

"खोटं बोलून राह्यल्या त्या, साहेब. मी कामाले नाही येत. मी इथंच राहून राह्यली, भाडं देऊन. तीन वर्स झाले."

"अगं हळू बोल," काकू म्हणाल्या, "आत पाहुणे आहेत."

"असू द्या. त्याइलेही आयकू द्या."

दारात पाहुण्या बायका गोळा झाल्या. मी शिपायाला वर नेलं. त्याने कॉट पाहिली, शेगडी पाहिली, दोरीवरचे युनिफॉर्म पाहिले. करारनामा वाचला. मग खाली येऊन काकांना म्हणाला, "मालक, तुमची सही आहे न ह्याच्यावर? मंग काहून नाही म्हणून राह्यले?" काकांनी काकूंकडे बघितलं आणि आत निघून गेले.

"दोन शेजाऱ्याइच्या सह्या लागतीन, बाई," शिपाई मला म्हणाला. "नाही त 'राहत नाही' असं लिहा लागते."

समोर इस्त्रीवाला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "ताईचे पांढरे कपडे मीच इस्त्री करतो न, साहेब. कुठं करू सही?" दुसरी सही कोपऱ्यावरच्या दुकानदाराने केली. कुरकुरत केली, पण केली.

संध्याकाळी आईला फोन केला. ती म्हणाली, "काम झालं न तुयं? मंग कायले तोंडी लागली त्याइच्या?" मी तिच्यावरही ओरडले. म्हटलं, तू आयुष्यभर गप्प बसली, म्हणून मीही बसले. असं बोलायला नको होतं. पण मी खोटं बोलले नव्हते.

पाहुणे गेल्यावर काकू वर आल्या. "सणाचा दिवस होता, समजून घ्यायचं असतं गं. आणि आता तू दुसरीकडे बघ. पुढच्या महिन्यात खोली रिकामी कर."

"करार मार्चपर्यंत आहे," मी म्हटलं. "मार्चपर्यंत मी इथंच आहे. काकांना उद्यापासून दवाखान्यात पाठवा. तिथं नंबर लावा लागते."

पासपोर्ट आला. त्यावर याच घराचा पत्ता आहे. लोक म्हणतात, सुटलीस, तिकडे कोणी जात विचारत नाही. माझ्याबरोबर शिकलेली एक जण दोन वर्षांपासून तिकडे आहे. ती सांगते, गोरे विचारत नाहीत, पण गणपतीला जमलेल्या आपल्याच लोकांनी पहिल्या पाच मिनिटांत आडनाव विचारलं. म्हणजे तिकडेही घर तयार मिळणार नाही. नको मिळू दे. मी आडनाव आधी सांगेन, मग नाव. ज्याला उठून जायचं असेल त्याने जावं. मी उठणार नाही.