पानांविना बहार

चांदूर बाजारकडची माणसं खारपाणपट्ट्यात लेक देणार नाही म्हणतात, आणि स्थळ बरं दिसलं की मुकाट्याने देतात. सुभद्रेला अशीच दिली. संत्र्याच्या बागेत, गोड्या विहिरीवर वाढलेली ही पोर दर्यापूरकडच्या गावात आली आणि पहिल्याच सकाळी चहाचा घोट तोंडात धरून बसली. चहात चुकून मीठ पडलं असं तिला वाटलं. चुकलं कोणाचंच नव्हतं, पाणीच तसं होतं.

दर भाऊबीजेला तिचा भाऊ किशोर संत्र्याची पेटी घेऊन यायचा. सुभद्रा ती गावभर वाटायची आणि मनात एकच धरायची, एकदा तरी आपल्या झाडांची पेटी माहेरी धाडायची. सासरचे हसायचे. नवरा पंजाबराव मात्र हसला नाही. शेततळं खोदून झालं तसा तो स्वतः चांदूर बाजारला गेला आणि संत्र्याची कलमं घेऊन आला.

तळ्यात पावसाचं पाणी होतं तोवर झाडं अशी तरारली की हसणाऱ्यांची तोंडं मिटली. मग एका वर्षी पाऊस आखडला, तळं आटलं, आणि उन्हाळ्यात पंजाबरावाने बोअर मारला. पाणी लागलं ते खारं. पण डोळ्यांदेखत झाडं वाळू द्यायची तरी कशी? ते पाणी सुरू झालं आणि पानांचे शेंडे करपले, मग कडा तांबूस झाल्या.

सुभद्रेला वाटलं, झाड भुकेलं. माहेरी पान पिवळं पडलं की बाबा खत द्यायचे, तिला तेवढंच ठाऊक. तिने युरिया दिला, पोटॅश दिलं. पानं आणखी करपली, तिने आणखी दिलं. आजारी लेकराला भरवावं तशी ती आळ्यात बसून खत कालवायची. बाई हट्टी, आणि तिची माया तिच्याहून हट्टी. मातीवर पांढरी खपली धरली तर तीही तिने खुरप्याने खरवडली आणि पुन्हा पाणी सोडलं.

भाऊबीजेला आलेला किशोर झाडाशी उकिडवा बसला.

"ताई, काय देऊन राहिली तू याले?"

"खत. उपाशी हाय ते."

"उपाशी नाई, तहानलं हाय."

"अरे, पाण्यात तर उभं हाय!"

"पानी खारं हाय ना. मातीतलं मीठ मुळीले पानी ओढू देत नाई. अन् खत बी मीठच. जे आत गेलं ते पानाच्या कडेले जाऊन बसलं अन् पान जाळलं."

सुभद्रा आपल्या हातांकडे पाहत राहिली. "म्हंजे मीनंच मारले?"

किशोर म्हणाला, "गोडं पानी भरपूर सोडलं तर मीठ धुऊन जाईन." पण म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. गोडं पाणी म्हणजे आठवड्यातून कधीतरी येणारा नळ. सुभद्रेने खत बंद केलं, स्वतः बोअरचं पाणी पिऊ लागली आणि नळाच्या घागरी झाडांना घालू लागली. घागरीने बाग भिजत नाही, हे तिलाही कळत होतं. तरी ती वाहत राहिली. हिवाळ्यात पानं गळून गेली.

आणि चैत्रात एका सकाळी सगळी बाग फुलली. एक पान नाही, पण फांदी न् फांदी पांढरी. वास थेट गावात गेला. माणसं पाहायला आली. पंजाबराव प्रत्येकाच्या हातावर साखर ठेवत होता.

"पाह्य सुभद्रे, तुही माया फळाले आली!"

सुभद्रेने झाडाचा बुंधा धरला. लहानपणी विहिरीजवळचं झाड असंच पानांविना फुललं होतं. ती टाळ्या पिटत बाबांना बोलवायला धावली होती. बाबांनी नुसतं पाहिलं आणि ते कुऱ्हाड आणायला वळले. "हे चाललं आता, बाई," एवढंच म्हणाले होते.

पंजाबरावाने तोवर किशोरला फोन लावलासुद्धा. "औंदा पेटी आनू नका, साळेबुवा! औंदा पेटी इकून येईन. घ्या, ताईसंगं बोला."

"ताई," किशोरने हळूच विचारलं, "पानं हायेत का?"

पंजाबराव समोर उभा होता. कितीतरी वर्षांनी असा तोंडभर हसत होता.

"फुलं लय हायेत," सुभद्रा म्हणाली.

तिने फोन तसाच कानाला धरून ठेवला. पंजाबराव हातवारे करून सांगत होता, पेटीचं सांग, त्याले पेटीचं सांग.