कुटुंबाच्या क्रमांकाची अट

ऑफिसात तिला सगळे मिरची म्हणत. कुणी वाकडं बोललं की ती तिथल्या तिथे त्याची सालटी काढायची. नवऱ्याने दोन दात पाडलेली धाकटी बहीण तिच्या खोलीवर पळून आली, तेव्हा तर तिचं डोकंच फिरलं. बहिणीची औषधं, मिरची जिथे प्रोग्रॅमर होती, त्याच कंपनीच्या ॲपवरून यायची. तिने दात-ओठ खात ॲपच्या जावा भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये नोंदी बदलायची स्वतःची आज्ञा, क्वेरी, लिहिली, ॲपवर एका घराला मिळून एकच असणाऱ्या कुटुंबाच्या क्रमांकाची अट घातली आणि बहिणीचा पत्ता बदलून आपल्या खोलीचा टाकला. दोन नोंदी बदलल्याचं स्क्रीनवर आलं, ते तिने पाहिलंच नाही.

संध्याकाळी दारावर पहारीचे घाव बसले. बिजागरी निखळली. बहिणीचा नवरा आत घुसला आणि बहिणीला केसांना धरून फरफटत नेऊ लागला. मिरचीने इस्त्री उचलली आणि त्याच्या कानशिलावर हाणली. तो भिंतीला घासत खाली बसला.

"पत्ता कुणी दिला तुला?"

त्याने रक्ताळलेल्या हाताने मोबाइल पुढे केला. ॲपवर त्याच्या नावाखाली तिच्याच खोलीचा पत्ता होता.

अट कुटुंबाची होती, आणि कुटुंबात तो अजून होताच.