सातवं अक्षर

दवाखान्याच्या तळमजल्यावर, औषधांच्या दुकानामागच्या खोलीत ती बसे. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि आजाराला, जखमेला ठरलेला कोड लावायचा, हे तिचं काम. नेत्रविभाग तिच्याकडे, म्हणून सगळे तिला डोळेबाई म्हणत. माणसं तिच्यापर्यंत येत नसत. येत ते त्यांचे डोळे, तेही संगणकाच्या पडद्यावर: कुणाला चेंडू लागलेला, कुणाच्या डोळ्यात ॲसिड उडालेलं.

डोळ्याच्या जखमेचा कोड सात अक्षरांचा. डोळा डावा की उजवा, आत काही घुसलं का, हे त्यात येतं. सातवं अक्षर सांगतं, गाडं कुठवर आलंय. ‘ए’ म्हणजे उपचार जोरात चालू आहेत. ‘डी’ म्हणजे जखम भरत आलीय. आणि ‘एस’ म्हणजे जखम संपली, पण तिचं काहीतरी कायमचं मागे राहिलं.

कारखान्यात लेथ मशीनवर काम करताना नवऱ्याच्या डाव्या डोळ्यात लोखंडाचा तुकडा घुसला, तेव्हा गॉगल कपाळावर होता. घरच्या माणसाची फाइल आपण हाताळायची नाही, असा नियम. ती फाइल शेजारच्या टेबलावरच्या काकांकडे गेली. नवऱ्याला धीर यावा म्हणून तिनेच त्याला ही अक्षरं शिकवली, आणि तिथेच ती चुकली. तो डॉक्टरांचं ऐकेनासा झाला आणि अक्षरावर जीव टांगून बसला.

“आज काय म्हणतात तुझे काका?”

“अजून ‘ए’च.”

“म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले नाहीत अजून.”

दुसऱ्या ऑपरेशननंतर ‘डी’ लागला, तेव्हा तो हसला. “बढती मिळाली म्हणायची!”

“या वयात एबीसीडी शिकतोय माझा मुलगा,” सासूबाई म्हणाल्या, “शाळेत असताना शिकला असता तर!”

तो रोज मशीनबद्दल बोले. साहेबांनी जागा धरून ठेवली होती. दोन्ही डोळ्यांनी नीट दिसलं तरच परत घेणार होते.

त्या दिवशी तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी त्याला घरी पाठवलं आणि तिला वर बोलावून घेतलं. डोळ्यातला पडदा जागेवर बसला होता, पण नेमका मधोमध व्रण राहिला होता. नजर परत येणार नव्हती. “पुढच्या खेपेला मी सविस्तर सांगेनच,” ते म्हणाले. “पण आधी तुमच्याकडून कळलं तर बरं.”

ती खाली आली. काकांच्या समोर तीच फाइल उघडी होती. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

“उद्यावर टाकू का, बाई?”

“लिहिलंय ना त्यांनी?”

“लिहिलंय.”

“मग लावा. लिहिलेलं सोडून आपण कधी काही लावलंय का?”

पाठमोरी बसून तिने कीबोर्डचा आवाज ऐकला. मग दुपारभर ती दुसऱ्यांच्या डोळ्यांना कोड लावत राहिली. एकदा डाव्याच्या जागी उजवा टाकला आणि स्वतःच दुरुस्त केला.

घरी आली तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी होता. सासूबाई बाहेर शेजारणीशी बोलत होत्या. तिने पर्स अडकवली, हातपाय धुतले, खुर्ची ओढली आणि बसली.

“अगं,” तो म्हणाला, “आज या बाजूला का बसलीस?”

तिच्या तेव्हा लक्षात आलं. इतके दिवस ती न चुकता त्याच्या उजव्या हाताला, त्याला दिसेल अशी बसायची. आज ती डावीकडे बसली होती. तिथून तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता.

“‘एस’ ना?”

“अहो…”

“‘एस’ का?”

“हो.”

टेबलावर सांडलेली साखर तो बोटाने गोळा करत राहिला.

“त्याच्यापुढे कुठलं अक्षर?”

“त्याच्यापुढे नाही.”

“बरं.” गोळा केलेली साखर त्याने बशीत झटकली. “साहेबांना मीच सांगतो. तू नको सांगूस.”

ती उठली. खुर्ची उचलून टेबलाला वळसा घालून त्याच्या उजवीकडे आली आणि बसली. वाटेत रडून लाल झालेला चेहरा तिने आता लपवला नाही. त्याने तो पाहिला, मग चहाची किटली पुढे ओढली. किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवली, टेकल्याची खात्री केली आणि हळूहळू ओतू लागला. कप धरायला तिचा हात पुढे गेला होता. तो तिने मागे घेतला.