पत्ता सर आणि 'क्षमस्व'ची ओळ

पत्ता सरांना "इथंच आहे, या ना" असं म्हटलं तर ते यायचेच नाहीत. तुमच्याकडे साखरपुडा असो की कोंबडा शिजलेला असो. "इथंच म्हणजे कुठं?" कुडव्यात. "कुडव्यात कुठं?" शाळेच्या गल्लीत. "गल्लीत कुठं?" चक्कीच्या पुढं. "पुढं म्हणजे कोणत्या बाजूनं येऊन पुढं?" एवढं सगळं झालं की मान हलवायची आणि मग चपला शोधायच्या. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या पत्रिकेत कार्यालयाच्या नावाखाली नुसतं 'गोंदिया' छापलं होतं. सरांनी पत्रिका बाबांच्या हातात परत दिली. "हे तं गाव झालं जी. घर कुठं हाय?"

म्हणून पत्ता सर. नवीन पोरांच्या आयांना वाटायचं की हा माणूस पत्ते खेळतो. एकदोघींनी तर पोरगं दुसऱ्या क्लासला घातलं.

आमचा क्लास कुडव्यात, म्हणजे गोंदियाला लागूनच, मोटरसायकल दुरुस्तीच्या दुकानावर होता. खाली मिस्त्री सायलेन्सर काढून गाडी रेस करायचा, वर सर कोड शिकवायचे. शेजारच्या राईस मिलचा कोंडा उडून कीबोर्डमध्ये बसायचा, म्हणून सकाळी आलं की आधी कीबोर्ड उलटे करून झटकायचे. मी आमगावच्या शाळेतून बारावी काढून तिथं शिकायला आलो आणि शिकून झाल्यावर सरांसोबत कामालाच चिकटलो. माझ्या अंगात कला एकच, नकला. स्टेशनवरची अनाउन्समेंटवाली बाई, खालचा मिस्त्री, आणि सर. सरांची नक्कल मी सरांच्या समोरच करायचो. ते चष्म्यावरून पाहायचे. "आवाज बरा काढतं बे. आता डोकं बी माझंच काढजो कधी."

आम्ही दुकानांची, शाळांची, मंडळांची वेबपेजं बनवायचो. माहिती यायची एक्सएमएल फाईलीत. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो, डब्यात डबा, त्यात आणखी डबा, आणि प्रत्येक डब्यावर नाव. पाहिजे ती गोष्ट काढायची तर फाईलीला नीट विचारावं लागतं, या डब्यातल्या त्या डब्यातलं दे. या विचारण्यालाच क्वेरी म्हणतात. आमच्यासारखे आळशी काय करायचे, दोन तिरप्या रेषा मारून मोकळे. म्हणजे कुठंही असो, सापडलं की दे. ते पाहिलं की सर उभेच राहायचे.

"चौकात उभा राहून 'ए गजू' म्हणून बोंबललास तं किती गजू बाहेर येतीन?"

"चार-पाच तं येतीन सर."

"आन् जो पहिले आला त्यालेच जावई करून घेशीन काय?"

क्लास हसायचा. पण सर हसवायला बोलत नसत. एका शाळेच्या पेजवर मुख्याध्यापकांच्या फोटोखाली शिपायाचं नाव आलं होतं, कारण फाईलीत शिपायाचा डबा आधी होता. शिपाई खूश होता. सरांना दोन घास गेले नाहीत.

रक्तदात्यांचं पेज हे सरांचं लाडकं काम. गावातल्या पोरांचं एक मंडळ होतं, ते दात्यांची नावं, रक्तगट आणि नंबर फाईलीत भरून पाठवायचं. आम्ही पेज फुकटात चालवायचो. गट निवडा, दाता दिसतो, नंबरवर बोट ठेवा, फोन लागतो. पहिल्याच दिवशी कोहमाऱ्याच्या ढाब्यावरून एका काकांचा फोन आला.

"अरे भाऊ, इथं नंबरच्या आजूबाजूले कुंपण कायले घातलं? बाण हाय, मंग ए, मंग एच, आर, ई, एफ. हा कोणता रक्तगट हाय बाप्पा?"

मी खुर्चीतून पडायचा बाकी होतो. लिंकचं कोड लिंक न बनता तसंच्या तसं पेजवर उमटलं होतं. त्या काकांची नक्कल मी पुढं आठवडाभर चालवली. सर मात्र स्क्रीनला नाक लावून बसले. "लिंक मजकुरात चिकटवून पाठवली ना? मजकूर म्हणून दिलं तं ब्राऊजर मजकूरच दाखवन. त्याचं बरोबर हाय. नाही तं कोणीही येऊन काहीही घुसवन. लिंक येगळी बनवा, नंबर तिच्या आत ठेवा." तसं केलं, कुंपण गेलं, नंबर निळा झाला. सरांनी स्वतः बोट ठेवून त्या काकांना फोन लावला आणि सांगितलं, "आता पाहा जी."

त्याच सुमारास पेजवर एकदा लाल अक्षरात इंग्रजी एरर आला. एका म्हातारीला वाटलं, आपण बोट लावलं म्हणून सरकारची वस्तू बिघडली. ती रडत क्लासच्या जिन्यापर्यंत आली. तिला चहा पाजून पाठवलं आणि सर म्हणाले, "रक्त शोधणारा माणूस आधीच घाबरून राहते. त्याले इंग्रजीतून कायले घाबरवता?" मग त्यांनी कोडमध्ये सोय केली. काही मिळालं नाही, काही बिघडलं, काहीही झालं तरी एकच ओळ दिसेल. 'सध्या या गटाचा दाता उपलब्ध नाही. क्षमस्व.' खाली जोडलेल्या हातांचं चित्र. ते चित्र निवडायला सरांनी अख्खी दुपार घातली होती.

मला ती ओळ लय आवडायची. मी ती आकाशवाणीच्या आवाजात म्हणून दाखवायचो.

मग एके दिवशी गुरुजी आले. गुरुजी म्हणजे कुडव्यातलेच रिटायर मास्तर, आमच्या पेजवरचे ओ निगेटिव्ह. या गटाची माणसं कमी, त्यामुळे त्यांना नेहमी फोन यायचे. ते दारातूनच ओरडले, "काय गा सर, गोंदियातले सगळे लोक बरे झाले काय? कवापासून कोणी मले बोलावूनच नाही राहिलं!"

मी हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी पेज उघडलं, ओ निगेटिव्ह निवडलं. क्षमस्व, जोडलेले हात. बी पॉझिटिव्ह निवडलं, ज्याचे दाते गल्लीगल्लीत आहेत. क्षमस्व. ए, एबी, सगळं निवडून पाहिलं. प्रत्येक वेळी ते हात.

मंडळानं नवीन सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्यानं फाईलीच्या कपाळावर एक ओळ चिकटवली होती, त्यामुळे आतल्या सगळ्या डब्यांना एक आडनाव लागलं होतं. दिसायला डबे तेच. पण आमचं कोड नुसतं 'दाता' म्हणून हाक मारत होतं, आणि ते आता आडनावासकट हाक मारल्याशिवाय ओ देत नव्हते. अशा वेळी फाईल चिडत नाही, ओरडत नाही. शांतपणे रिकामा हात दाखवते. आणि त्या रिकाम्या हातावर आमची ती गोड ओळ.

सरांनी कोडला आडनाव सांगितलं. गुरुजींचा चहा थंड व्हायच्या आत सगळी नावं परत आली. गुरुजी आपलं नाव पाहून खूश होऊन गेले. सर तिथंच बसून राहिले. मी म्हणालो, "झालं ना सर." ते म्हणाले, "कोणाकोणाले आपण नाही म्हटलं असन, ते कसं शोधू? त्याची क्वेरी कशी लिहू, सांग."

शोधावं लागलं नाही. थोड्या दिवसांनी एक माणूस जिना चढून आला. इटियाडोहच्या कालव्याकडचा, धानाची शेती, पायात चिखल सुकलेले बूट. पेजच्या तळाशी आमचा पत्ता होता, तो पाहून आला होता. त्याची चौथीतली पोरगी खुशी, कोहमाऱ्याच्या वळणावर तिच्या पायावरून गाडी गेली होती. गोंदियाच्या दवाखान्यात आणलं, ऑपरेशनला ओ निगेटिव्ह पाहिजे होतं. दवाखान्यात नव्हतं. त्यानं पेज पाहिलं, क्षमस्व दिसलं, आणि पोरीला घेऊन तसाच गाडी करून नागपूरला निघाला.

"पोरगी वाचली जी," तो म्हणाला. "पाय नाही वाचला. टाचेच्या वरून काढावा लागला." मग त्यानं खिशातून आधारकार्ड काढलं. "माझं नाव टाका तुमच्या पेजवर. बी पॉझिटिव्ह. माझ्या पोरीच्या टायमाले कोणी नव्हतं, दुसऱ्याच्या पोरीच्या टायमाले मी राहीन."

मी सरांकडे पाहिलं. डोळ्यांनी म्हटलं, सर, नको. नाव लिहून घ्या, चहा पाजा, जाऊ द्या. सरांना कळलं मी काय म्हणतोय ते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"भाऊ, होता," सर म्हणाले. "दाता होता. आमचं पेज चुकीचं बोलून राहिलं होतं."

"होता म्हणजे?"

"इथंच. कुडव्यात."

खाली मिस्त्रीनं गाडी रेस केली. 

"ऑपरेशन आधी झालं असतं तं पाय वाचला असता काय?" सरांनीच विचारलं.

"डॉक्टर म्हणे सांगता येत नाही." तो आधारकार्ड बोटांत फिरवत होता. मग म्हणाला, "तुमी 'मालूम नाही' असं लिहिलं असतं ना साहेब, तं मी फिरलो असतो. घरोघरी विचारलं असतं. तुमी 'नाही' लिहिलं. हात जोडून लिहिलं. मले वाटलं एवढ्या मानानं सांगून राहिले, तं खरंच असन."

तो उठला. दारापर्यंत गेला. सर मान खाली घालून बसले होते. तो परत वळला आणि आधारकार्ड माझ्यासमोर टाकलं.

"लिहून घे. चूक तुमची हाय. रक्त तं माझं हाय ना."

त्याच दिवशी सरांनी ती ओळ काढली, जोडलेले हातही काढले. नवीन ओळ लिहिली, 'आम्हाला सापडलं नाही. याचा अर्थ दाता नाही असा होत नाही. या नंबरवर बोला.' खाली स्वतःचा नंबर, निळा, ठसठशीत. रोज सकाळी क्लास उघडला की ते आधी एकेक गट निवडून पाहायचे, मग पाणी प्यायचे. फोन आला की शिकवणं अर्धं सोडून जिन्यात जाऊन बोलायचे. आणि फोन वाजला की दचकायचे. नंतर नंतर तर माझा वाजला तरी दचकायचे. खुशीला पाहायला ते दोनदा निघाले आणि दोन्ही वेळा अर्ध्या रस्त्यातून परत आले.

यंदा धान कापणी झाल्यावर सरांनी क्लास बंद केला. सालेकशाकडे भावाच्या घरी राहायला गेले. मला म्हणाले, "तो नंबर काढ आन् तुझा टाक. मले जमून नाही राहिलं गा. रिंग वाजली की मले वाटते तोच बाप हाय." मी म्हणालो, सर, मी जोकर माणूस, माझ्यावर कोण विश्वास ठेवन? ते म्हणाले, "तुझ्यावर कशाले ठेवतीन? तू शोधतं का नाही, तेवढं पायतीन."

परवा दुपारी फोन आला. एक बाई होती, मागं दवाखान्याचा गोंगाट. "दादा, पेजवर सापडून नाही राहिलं. एबी निगेटिव्ह पायजे. कोणीच नाही काय जी?"

माझ्या तोंडात 'नाही' हा शब्द येऊन थांबला. मी दुसऱ्या हातानं दुसरा फोन काढला, मंडळाच्या पोराला लावला.

"ताई, फोन ठेवू नका," मी म्हणालो. "मी शोधून राहिलो."